ढीला नको, हलका

इंजन बोंबलत होतं आणि आम्ही मागे चाललो होतो. रविवारची सकाळ, इंदूरच्या बंगाली चौराह्याचा पूल, स्कूटरच्या मागच्या सीटवर रमा, तिच्या मांडीवर तिच्या चुलतबहिणीसाठी, सुलोचनासाठी, घेतलेला श्रीखंडाचा डबा, आणि पुढे मी, लक्ष्मीकांत, वय एकसष्ट, अॅक्सिलरेटरची मूठ पिळून पिळून फिरवतोय तरी गाडी वर चढायचं नाव घेत नाही. आवाज असा की विमान उडेल, चाक मात्र ढिम्म. आधी ढिम्म, आणि मग मला वाटलं भास होतोय, पण नाही, कठड्यावरचे काळे-पिवळे पट्टे हळूहळू पुढे सरकायला लागले, म्हणजे आम्ही मागे. मागे सिटी बस. तिचा भोंगा थेट मणक्यात शिरला. मी ब्रेक दाबला, दोन्ही पाय टेकले, आणि तेवढ्यात खांद्यावरचा रमाचा हात उचलला गेला. ती उतरली होती. ओरडली नाही, विचारलं नाही. पदर खोचला, डबा छातीशी धरला, "तुम्ही या सावकाश" म्हणाली आणि पुलाच्या कडेनं चढ चालायला लागली. रिकामी गाडी चढली. खोकत, जळका वास सोडत, पण चढली. मी तिच्या शेजारून पुढे गेलो. छत्तीस वर्षांत बायकोला ओव्हरटेक करण्याची माझी ही पहिलीच वेळ.

पुलाच्या माथ्यावर गाडी कडेला घेऊन मी तिची वाट बघत थांबलो, आणि पहिलं काय केलं असेल तर डावा हात समोर धरून पाहिला. इंजन नाही, चाक नाही, हात. क्लचचा लीवर डाव्या हाताशी असतो. तो थोडा जरी दाबलेला राहिला तर इंजन नुसतंच फिरतं, चाकाला जोर पोचत नाही; हे मी तेहेतीस वर्षं पॉलिटेक्निकच्या पोरांना फळ्यावर काढून शिकवलंय. म्हणजे सवाल साधा होता. गाडीनं दगा दिला, की माझी बोटं लीवरवरून उठलीच नाहीत? बोटं उठली असं मला वाटत होतं. पण वाटण्याचं काय हो, जानेवारीत मला वाटत होतं की पेला माझ्या हातात आहे, आणि तो फरशीवर घरंगळत होता. रमा आतून म्हणाली, "मांजर का?" मी म्हणालो, "हो." तिसऱ्या मजल्यावर मांजर कुठून येणार? पण ती बघायला आली नाही, आणि मी मनात म्हटलं, सुटलो. मग पेपरची घडी सुटायला लागली. मग उजव्या मनगटाचं बटण लावायला पाच पाच मिनिटं. फेब्रुवारीत, वाचनालयात जातो असं सांगून, पलासियाला एका डॉक्टरकडे जाऊन आलो. माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचा डॉक्टर. त्यानं माझ्या अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या मधली जागा दाबून पाहिली. तिथे मांस असतं, उजव्या हातात आहे. डाव्या हातात खळगा होता. मी आयुष्यभर वस्तू मधून कापून आत काय दिसतं ते काढायला शिकवलं, आणि माझ्याच हातातला खळगा मला परक्या माणसानं दाखवला. "सर, नर्व्ह की एक टेस्ट लिख रहा हूँ. देर मत कीजिए," तो म्हणाला. आजाराचं नाव काही सांगितलं नाही. मी घरी आलो, टेस्ट लिहिलेल्या कागदाची चौघडी केली आणि माझ्या जुन्या मशीन ड्रॉइंगच्या पुस्तकात घालून ठेवली.

टेस्ट केली नाही. भ्यालो, सरळ सांगतो. त्याऐवजी रबराचा चेंडू आणला, बाल्कनीत बसून तो दाबायचो, मोहरीचं तेल चोळायचो, आणि काय आश्चर्य, मार्चमध्ये हात सुधारला! मला तो दिवस पक्का आठवतो. गाडी सर्व्हिसिंगहून घरी आणून दिली होती, दुसऱ्या दिवशी सब्जी आणायला निघालो, लीवर दाबला आणि तो आला. नुसता आला. जानेवारीपासून जो लीवर दाबताना मला दात खावे लागत होते, चौराह्यावर लाल दिवा दिसला की धाबं दणाणायचं, तो लीवर लोण्यासारखा आत आला. मी त्या पार्किंगमध्ये उभ्या उभ्या तो वीस वेळा दाबून पाहिला. वॉचमन बघत होता, बघू दे. हळूहळू बाकीच्या गोष्टीही जमायला लागल्या. लोणच्याची बरणी डाव्या हातात नुसती गोल फिरायची, झाकण निघायचं नाही, ते दोन बोटांत निघायला लागलं. रमा म्हणायची, "अहो, एवढं उघडून द्या, माझे हात पिठाचे आहेत," आणि मी उघडून द्यायचो, राजासारखा. खळगा तिथेच होता. पण खळग्याकडे मी बघत नव्हतो. लीवर येतोय ना? मग झालं तर. कागद पुस्तकातच राहिला, आणि मी देवाला नाही, डॉक्टरला नाही, त्या स्कूटरला मनात हात जोडले. माझा हात बरा झालाय हे मला कोणा माणसानं नाही, क्लचनं सांगितलं होतं. म्हणून पुलावर उभा राहून मी घामानं निथळत होतो. उन्हाचा घाम नव्हता तो.

रमा आली. धापा टाकत होती, कपाळावरचं कुंकू जरा फिसकटलं होतं. "बसतेस?" मी विचारलं. पुढे उतार होता. "नको," ती म्हणाली, "इथून सुलोचनाकडे पायी दहा मिनिटं." आणि मला राग आला. तिचा नाही, म्हणजे तिचाच. गेले दोन महिने तिचं हेच चाललं होतं. गाडीवर बसायचं म्हटलं की काहीतरी निघायचं. कंबर दुखतेय. साडी नवी आहे. सराफ्यात तिकडे गाडी लावायला जागा नसते, तुम्ही कशाला येता, मी जाते ऑटोनं. आणि ही बाई छत्तीस वर्षं माझ्या मागे बसलेली! डावा हात माझ्या खांद्यावर, उजव्या हातात पिशवी, आणि रस्ताभर कानात तिची बडबड, जी मला वाऱ्यामुळे अर्धी ऐकू यायची आणि मी पूर्ण ऐकल्यासारखी "हं, हं" करायचो. दोन महिने तो खांदा रिकामा होता. मला वाटलं, हिला माझी भीती वाटायला लागलीय. हिनं पेला पाहिला असणार, हिनं ओळखलं असणार. आणि आता तर माझा हात बरा होता! त्या रविवारी सकाळी मी हट्टच धरला. "माझ्या मागे बसायची भीती वाटते का तुला? तसं सांग." ती माझ्याकडे बघत राहिली, काहीतरी बोलणार होती, मग डबा उचलून म्हणाली, "चला." एवढ्यावर ती बसली होती. आणि चाळीस पावलांचा तो चढ.

बेटम्याची गोष्ट मला त्या पुलावर आठवली ती याचमुळे. सन एक्याण्णव. धारहून परत येत होतो, हीच गाडी, बहात्तर सालची, तेव्हाच ती म्हातारी होती, आणि बेटम्याच्या बाजारात क्लचची वायर तुटली. तिथेच एका दुकानाच्या पाटीखाली एक पोरगेलासा मिस्त्री बसला होता, श्रीराम त्याचं नाव. त्याच्याकडे वायर नव्हती. म्हणाला, "बिना क्लच के ले जाओ मास्साब. पहला गियर डालो, भाभीजी धक्का मारे, चालू होते ही कूद के बैठ जाए. बीच में रुकना मत." आणि रमानं धक्का मारला हो! लग्नाला दोन वर्षं झालेली, हिरवी साडी, चपला हातात. गाडी गचके खात सुरू झाली, ती चार पावलं पळाली आणि उडी मारून बसली. तिथून इंदूरपर्यंत अठ्ठावीस किलोमीटर. जिथे जिथे गाडी अडली, एकदा म्हशींसाठी, एकदा रेल्वे फाटकाला, तिथे तिथे ती उतरली, पळाली, बसली. हसून हसून तिचं पोट दुखत होतं, ते हसू माझ्या पाठीला लागत होतं. क्लच नव्हता तेव्हा आम्ही दोघं घरी आलो. आणि आता क्लच असून ही पुलावर चालतेय. तो श्रीराम पुढे सियागंजच्या एका गल्लीत येऊन बसला, आणि तेव्हापासून ही गाडी त्याच्याशिवाय कोणी उघडलेली नाही. आमची मुलगी संहिता पुण्याहून दर फोनला सांगते, "बाबा, बेच दो ना ती गाडी, इलेक्ट्रिक घ्या, त्याच्यात क्लचच नसतो." तिला काय सांगू? तोच तर पाहिजे मला. तो दाबला जातोय एवढंच एक सर्टिफिकेट माझ्याजवळ आहे.

सोमवारी सकाळी दहाला मी श्रीरामकडे. पोत्यांच्या हातगाड्यांमधून, हिंगाच्या वासातून, गाडी हळूहळू सरकवत. आता तोही साठीचा, चष्म्याच्या काड्यांना दोरा बांधलेला. मला बघून नेहमी "आओ मास्साब" म्हणून स्टूल पुसतो. आज नुसताच उठून उभा राहिला. मी सगळं सांगितलं. क्लच स्लिप मारतोय, पुलावर गाडी मागे आली. त्यानं लीवर हलवून प्ले पाहिला, म्हणजे लीवर दाबताना सुरुवातीला जो मोकळा हलतो तो. नखाएवढा, बरोबर. "वायर तो ठीक हे," तो म्हणाला. "तेल बदल देता हूँ." मी म्हटलं, तेलानं काय होणार, प्लेटा गेल्या असतील, खोल. "खोलने में पूरा दिन जाएगा मास्साब. रेने दो. अकेले चलाओ, धीरे चलाओ." हा माणूस! जो स्कूटरचा कर्णा वाजला नाही तरी अख्खी गाडी खोलून बसायचा, तो मला रेने दो, राहू दे, म्हणतो. मी हट्ट सोडला नाही तेव्हा तो माझ्याकडे न बघता पान्हा पुसत म्हणाला, "बुरा मत मानना. आप आधा क्लच दाब के चला रिये हो. उमर में हो जाता हे. हाथ लीवर पे रे जाता हे, पता नी चलता."

कानशिलं तापली माझी. म्हणजे ह्यालाही दिसतंय? जी गोष्ट मी रात्रंदिवस स्वतःपासून लपवतोय ती हा गल्लीत उभा राहून बोलतोय? आणि सगळ्यांत वाईट म्हणजे त्याचं म्हणणं खरं असू शकत होतं. मी स्वतः पुलावर तेच म्हणत होतो. मी म्हटलं, थांब, आत्ता दाखवतो. किक मारली. गाडी स्टँडवरून खाली घेतली, लीवर दाबून डावी मूठ फिरवली, दुसरा गियर. उजव्या पायानं ब्रेक घट्ट दाबून धरला. आता लीवर सोडला की क्लच चांगला असेल तर इंजन एक गचका खाऊन बंद पडलं पाहिजे. चालू राहिलं तर दोष क्लचचा. पोरांना मी हे तोंडपाठ करायला लावायचो. मी लीवर सोडला. नुसता सोडला नाही, डावा हात हँडलवरून उचलला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि पँटच्या खिशात घातला. इंजन चालू. घरघरतंय, गुरगुरतंय, गियरमध्ये आहे, ब्रेक दाबलेला आहे, आणि बंद पडत नाही! "देख लो!" मी ओरडलो. समोरचा हळदवाला वळून बघायला लागला. "देख लो श्रीराम, हाथ कहाँ हे मेरा? खिशात! हाथ खिशात हे और क्लच स्लिप मार रिया हे! मेरा हाथ नी हे ये, क्लच हे!" माझा आवाज चिरकत होता, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. एकसष्टाव्या वर्षी माणूस गल्लीत उभा राहून स्वतःच्या हाताची वकिली करतोय. श्रीरामनं पेट्रोल बंद केलं आणि म्हणाला, "ठीक हे. खोलता हूँ."

त्यानं तेल काढलं, गाडी पोत्यावर डाव्या कुशीवर निजवली. झाकणाचे बोल्ट सोडले, क्लचचा गोळा बाहेर काढला. जुना बोल्ट घालून तो दाबला, आतलं लॉक काढलं, आणि एकेक प्लेट कागदावर मांडायला लागला. मी स्टुलावरून वाकून बघत होतो. हा क्लच मी फळ्यावर किती वेळा काढला असेल, पाचशे वेळा? कॉर्कची प्लेट, लोखंडी प्लेट, कॉर्क, लोखंड, आणि त्यांना एकमेकींवर दाबून धरणाऱ्या मागच्या सहा स्प्रिंगा. लीवर दाबला की आपण त्या स्प्रिंगांशी झगडतो, प्लेटा सुटतात. सोडला की त्या प्लेटा परत आवळतात. पण प्रत्यक्षात उघडलेला क्लच मी फार कमी पाहिला. हाताला काळं लागू न देता शिकवणारा मास्तर मी. कॉर्क जळून काळं पडलं होतं. लोखंड निळं झालं होतं. छान, मी मनात म्हटलं, जळा, अजून जळा. प्रत्येक जळकी प्लेट माझ्या बाजूची साक्ष देत होती. शेवटची प्लेट निघाली, तळ दिसला, आणि नजर सवयीनं मोजायला लागली. सहा खाचा गोलाकार. एक स्प्रिंग, एक रिकामी. एक स्प्रिंग, एक रिकामी. तीन. सहाच्या जागी तीन!

मी हसलो. खो खो हसलो, मांडीवर हात मारला. सापडलं की! कुठल्या गाढवानं तीन स्प्रिंगांवर गाडी चालवायला दिली मला? प्लेटा आवळणार कशा, चढावर डबल सवारी घसरणारच. एवढं सोपं होतं, आणि मी काय काय अभद्र विचार करून बसलो होतो. "ये देखो श्रीराम! आधी स्प्रिंग गायब! कौन गधे ने हाथ लगाया इसको?"

"मैंने," श्रीराम म्हणाला.

तो खाली मान घालून चिंधीनं बोटं पुसत होता. चिंधीनं काळं निघत नाही, अजून पसरतं. "मार्च में सर्विसिंग के टाइम. भाभीजी आए थे एक दिन पेले, ऑटो से. आपको मत बताना बोला था. बोले, क्लच कड़क पड़ता हे, इनके हाथ से नी होता अब. मैंने का, वायर ढीला कर देता हूँ. तो बोले, नी, ढीला नको. ढीला करोगे तो इनको लीवर पे पता चल जाएगा, ये तो पढ़ाते हें ये सब. हलका करो. ढीला नको, हलका."

ढीला नको, हलका. ही बाई छत्तीस वर्षं क्लचला "ते डावीकडचं" म्हणते. वायर ढिली केली की लीवर मोकळा खुळखुळतो, हे तिला कोणी सांगितलं? मी. पोरांच्या वह्या तपासताना मोठ्यानं वाचायचो, ती तिथे भाजी निवडत असायची. घरात सैल म्हणणारी बाई, ऑटोत बसून तिनं हा हिंदी शब्द घोळवला असेल, मास्तरांना कळणार नाही असा उपाय मिस्त्रीला नेमका कसा सांगायचा ते ठरवत. आणि मी त्या हलक्या लीवरला वीस वेळा दाबून नाचलो होतो. आता एकेक गोष्ट आपोआप उघडायला लागली, मला नको असताना. बरणीचं झाकण दोन बोटांत निघत होतं, कारण ते लावलेलंच नसायचं. इस्त्रीच्या शर्टाचं उजव्या मनगटाचं बटण आधीच लावलेलं असायचं, मी म्हणायचो धोबी बदलला वाटतं. बाथरूमचा नळ. औषधाच्या बाटलीचं टोपण. माझा हात मार्चमध्ये सुधारला नव्हता. माझं घर माझ्याभोवती हलकं होत गेलं होतं, आणि हे सगळं ती एकटी करत होती, एकेक झाकण, हातांना पीठ लावून.

"मैंने उनको बोला था," श्रीराम म्हणत होता, "तीन में डबल सवारी मत बैठना. अकेले आदमी को खींच लेगी, दो को नी खींचेगी." म्हणजे ती कंबर. ती साडी. ती सराफ्यातली जागा. आणि रविवारी मी विचारलं, भीती वाटते का तुला, तेव्हा ती सगळं माहीत असून "चला" म्हणाली आणि बसली. मला स्वतःचं थोबाड फोडून घ्यावंसं वाटलं.

श्रीराम आत गेला आणि तंबाखूची एक पत्र्याची डबी घेऊन आला. डबीवर पेनानं लिहिलं होतं: मास्साब. आत तेल लावलेल्या कागदात तीन स्प्रिंगा. "ये भी भाभीजी ने ही बोला था. संभाल के रखना, हाथ ठीक हो जाए तो वापस डाल देना." ती डबी मी नुसती हातात धरून बसलो. उजव्या हातात. तो म्हणाला, "प्लेट तो नए डालूँगा. स्प्रिंग का बोलो आप. तीन रखूँ तो गाड़ी आप चलाओगे. छह डालूँ तो भाभीजी बैठेंगी." त्यानं हे कसलाही आव न आणता सांगितलं, पंक्चर आहे का हवा कमी आहे हे सांगावं तसं. मी म्हटलं, "छह."

दुपारपर्यंत त्यानं काम केलं. भिजवलेल्या नव्या कॉर्क प्लेटा, सहाच्या सहा स्प्रिंगा, नवं तेल. गाडी उभी केली आणि माझ्यापुढे आणली, हँडल माझ्याकडे वळवून, आणि स्वतः पान्हे धुवायला पाठ करून बसला. मी डावा हात लीवरवर ठेवला. चार बोटं, नीट, एकेक मोजून. दाबला. लीवर नखाएवढा आला, प्लेएवढा, आणि तिथे भिंत लागली. मी दात खाल्ले. खांद्यातून जोर आणला, कोपरातून आणला, मनगट थरथरायला लागलं. जोर येत होता आणि खळग्यापाशी कुठेतरी संपत होता. अर्धा आला. अर्ध्यावर बोटं आपोआप उघडली आणि लीवर ठप्पकन परत गेला. हा माझा हात. क्लच एकदम परफेक्ट होता, पुस्तकातल्यासारखा. मी उजवा हात ओलांडून आणला आणि दोन्ही हातांनी लीवर दाबला. आला. दोन्ही हातांनी क्लच दाबून कोणी गाडी चालवत नाही. हळदवाला आपल्या पोत्यांकडे बघत होता. श्रीराम तोच एक पान्हा धूत होता. "निकाल दो तीन," मी म्हटलं. त्यानं गाडी परत पोत्यावर निजवली, आणि ती डबी परत भरली. निघताना मी त्याला म्हटलं, "भाभीजी को मत बताना के मुझे पता चल गया." "दोनों मेरे को ही केते हो," श्रीराम म्हणाला आणि पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात ठेवला.

घरी येईपर्यंत गाडी उत्तम चालली. लीवर लोण्यासारखा. प्रत्येक चौराह्यावर मी तो दाबत होतो आणि प्रत्येक वेळी हाताला वाटत होतं की तो बरा आहे, आणि मी त्याला काही सांगू शकत नव्हतो. रमा पोळ्या करत होती. "काय निघालं?" तिनं तव्याकडे बघत विचारलं. "वायर," मी म्हणालो, "टाइट झाली होती." "अगंबाई, एवढंच?" "एवढंच. पण गाडी जुनी आहे, डबल सवारी नको म्हणाला." "बरं झालं बाई सांगितलं," ती म्हणाली, आणि तिचा सुस्कारा मला ऐकू आला. तो सुस्कारा ऐकायला मी इतके दिवस कुठे होतो कोण जाणे. तिनं पान वाढलं, लोणच्याची बरणी माझ्यापुढे ठेवली. "एवढं उघडून द्या हो, माझे हात पिठाचे आहेत." मी डाव्या हातानं बरणी धरली, उजव्या हाताची दोन बोटं झाकणावर ठेवली. झाकण नुसतं टेकवलेलं होतं, आट्यातसुद्धा बसवलेलं नव्हतं. मला तोंड वाकडं करून जोर लावल्याचं नाटक करता आलं असतं. ती ते बघून खूश झाली असती आणि आमचं आणखी काही दिवस चाललं असतं. मी ओठ आवळलेसुद्धा. पण पुढे जमेना.

"रमा, झाकण घट्ट लाव."

"काय?"

"घट्ट लाव. पूर्वी लावायचीस तसं."

तव्यावरची पोळी जळायला लागली होती. मग तिनं हात पदराला पुसले, बरणी घेतली, झाकण फिरवलं, अजून फिरवलं, बोटांची पेरं पांढरी होईपर्यंत, आणि माझ्यापुढे ठेवली. मी धरली, फिरवली. बरणी झाकणासकट माझ्या डाव्या हातात गोल फिरली. छातीशी धरून पाहिलं. पुन्हा फिरली. "नाही उघडत गं," मी म्हणालो. छत्तीस वर्षांत हे वाक्य मी या घरात बोललो नव्हतो. मला रडू आलं, लहान पोरासारखं, समोर पान वाढलेलं असताना. रमानं गॅस बंद केला, माझ्यासमोर बसली, एका झटक्यात झाकण काढलं आणि एक फोड माझ्या पानात वाढली.

"कागद..." मी म्हणालो, "डॉक्टरनं एक कागद दिला होता. फेब्रुवारीत. तो माझ्या ड्रॉइंगच्या पुस्तकात..."

"तिथंच आहे," रमा म्हणाली. "रोज बघते मी, तुम्ही काढला का."

वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवली. मी डोळे पुसले, उजव्या हातानं.

"उद्या जाऊ या," मी म्हणालो. "दोघं."

"ऑटोनं?" तिनं विचारलं.

"ऑटोनं."